नऊ वर्षांचं ‘ठीक’

तर मिस्त्री काही गाडीखालून बाहेर येईना. काल आपण इथंच थांबलो होतो. मिस्त्रीच्या आवारात ट्रक उभा, ट्रकशेजारी सावकाशराव कमरेवर हात ठेवून उभे, आणि खालून नुसता हातोडीचा आवाज. टण्, टण्, टण्. मग एकदम ठप्प. जरा थांबून परत त्याच जागी, ठप्प. मिस्त्री जुना माणूस. वैद्याने नाडी बघावी तसा तो लोखंड ठोकून, कान लावून बघतो.

सावकाशराव वाकून म्हणाले, “ग्रीस मारायला आणली होती, मिस्त्री. घण घालायला नाही.”

खालून उत्तर आलं, “ग्रीस मारायला काहीतरी शाबूत लागतं ना.”

काल जे बसले नव्हते त्यांना एवढं सांगायला हवं, की सावकाशराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. हे नाव कंपनीतल्या ड्रायव्हरांनी ठेवलं. तेवीस वर्षं माणसाने मालवाहतुकीच्या एकाच कंपनीत ट्रक चालवला आणि तेवीस वर्षांत एकदाही घाई केली नाही. फाटकातून गाडी काढताना सावकाश, वळणावर सावकाश, पगाराच्या रांगेतही सावकाश. कॅन्टीनमध्ये हे शेवटचे पोचायचे आणि उरलेला गार चहा गरम असल्यासारखा फुंकून प्यायचे. नावाचा त्यांना राग नव्हता. उलट कोणी सरळ नावाने हाक मारली तर दोन हाका गेल्यावर वळून बघायचे.

अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी मालक व्हायची लहर कुठून आली? तर कंपनीने जुने ट्रक विकायला काढले. त्यात सावकाशरावांचाही ट्रक निघाला. नऊ वर्षं याच गाडीवर बसलेला माणूस. सीटला त्यांच्या पाठीचा आकार आलेला. डावीकडचा आरसा कितीही घट्ट केला तरी चढावर मान टाकतो, तिसरा गिअर सकाळी रुसतो, वायपर एक फेरी मारून विचार करत बसतो, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ती गाडी परक्याच्या हाती जाणार म्हटल्यावर त्यांना जेवण जाईना.

बायको इस्पितळाच्या कपडेधुलाईत इस्त्रीला. दिवसभर वाफेत उभी राहून संध्याकाळी तिच्या पोटऱ्या दगडासारख्या होत. ती म्हणाली, “अहो, गाडी आहे की लेक आहे? घ्यायची तर घ्या. पण नीट बघून घ्या.”

बघून घ्या म्हटल्यावर सावकाशरावांनी काय केलं, ते नीट ऐका. सगळी गंमत तिथंच आहे, आणि सगळं दुखणंही तिथंच.

कंपनीत नियम असा, की रोज गाडी काढण्याआधी ड्रायव्हरने ती तपासायची आणि एक कागद भरायचा. कागदावर बत्तीस रकाने. ब्रेक, टायर, दिवे, स्प्रिंगचे पाटे, चेसिस, असं करत करत अगदी आग विझवायच्या नळकांड्यापर्यंत. प्रत्येक रकान्यात एक तर ‘ठीक’ लिहायचं, नाहीतर काय बिघडलं ते लिहायचं. बिघाड लिहिला की गाडी कारखान्यात जाते, फेरी बुडते, आणि गाड्या लावणारे एक कारकून आहेत ते दिवसभर तोंड वाकडं करून बसतात. त्यामुळे सगळे ड्रायव्हर ‘ठीक’च लिहीत. शाळेत आम्ही पाढे म्हणायचो ना, शब्द तोंडातून जायचे आणि डोळे खिडकीबाहेर, तसंच ते.

सावकाशरावांनी त्यात आणखी सोय केलेली. ते रविवारी दुपारी जेवण झाल्यावर टेबलाशी बसून सबंध आठवड्याचे कागद एकदम भरून ठेवायचे. सोमवार ते शनिवार, सहा कागद, एकशे ब्याण्णव वेळा ‘ठीक’. बुधवारपर्यंत पोचेतो हाताला मुंग्या यायच्या, डोळे मिटायचे. मग बायको म्हणायची, “आणा इकडे, गुरुवारचा मी करते.” तिचं अक्षर गोल आणि टपोरं. एकदा तर गाडी चार दिवस कारखान्यात चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती, आणि त्या चारही दिवसांच्या कागदांवर चाकांच्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलेलं. कोणी वाचलं असतं तर ओरडलं असतं. पण वाचणार कोण?

वाचले ते सावकाशरावांनी. गाडी घेण्याआधी कारकुनांनी त्यांना कागदांची दोन खोकी दिली. म्हणाले, “नऊ वर्षांची सगळी तपासणी यात आहे. वाचा आणि ठरवा.” आणि हा माणूस तीन दिवस ते कागद वाचत बसला. बैल घेताना लोक त्याचं तोंड उघडून दात बघतात. यांनी बैल दावणीलाच ठेवला आणि दातांबद्दल आपणच लिहिलेलं वाचलं. पान उलटावं तिथं ठीक. ब्रेक ठीक, पाटे ठीक, चेसिस ठीक. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून बायकोला म्हणाले, “अगं, फार चांगली राखलेली गाडी आहे. एक तक्रार नाही.”

आणि ते थट्टेने म्हणाले नव्हते. स्वतःचं अक्षर ओळखू येत होतं, तरी छापील रकान्यात शिक्क्याखाली बसलेलं अक्षर म्हणजे कोणा मोठ्या माणसाने तपासून लिहिलंय असंच वाटतं. दोघांनी साठवलेलं सगळं त्या गाडीत गेलं. दारावरचं कंपनीचं नाव रंग मारून पुसलं, पण ऊन तिरपं पडलं की खालची अक्षरं परत वर यायची.

तर आता मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. आधी पाय आले, मग पोट, मग तोंड. हात पुसत म्हणाला, “मागच्या पाट्यांच्या वर चेसिसला तडा आहे. वीतभर. आजचा नाही, आत गंज धरलाय.”

“असं कसं होईल?” सावकाशराव म्हणाले. “कागद आहेत माझ्याकडे. रोजची तपासणी आहे.”

“कोणी केली?”

सावकाशराव केबिनमध्ये चढले. केबिनमधून खोकं काढलं आणि मिस्त्रीच्या पुढ्यात ठेवलं. मिस्त्रीने चार कागद उलटले, मग आणखी चार. मग म्हणाला, “तपासणारे दोघं होते वाटतं. हा गुरुवारचा माणूस वेगळा दिसतो. अक्षर चांगलं आहे त्याचं.”

“ती बायको माझी.”

मिस्त्री हसला नाही. एवढंच म्हणाला, “मग वहिनींना घेऊन ये एकदा. गाडी बघितली नसेल त्यांनी.”

तो दिवस बुधवार. सोमवारी पहिली फेरी होती. कंपनी बाहेरच्या गाड्यांनाही माल द्यायची, आणि जुना माणूस म्हणून कारकुनांनी यांना कागदाच्या गिरणीचं काम लावून दिलं होतं. आठवड्याला दोन फेऱ्या, बारा टन कागदाची रिळं, डोंगर चढून पलीकडे उतरायचं. उतार लांब आणि वळणावळणाचा. चांगुलपणा म्हणून कारकुनांनी आणखी एक गोष्ट केलेली. कंपनीत प्रत्येक ड्रायव्हरची किल्ली टांगायला एक खुंटी असते. सावकाशरावांची सतरा नंबरची. कारकून म्हणाले होते, “महिनाअखेरपर्यंत सतरा नंबरवर कोणाला घेत नाही. नाही जमलं तर गुपचूप परत या. मी विचारणारसुद्धा नाही.”

म्हणजे बघा, सोमवारी गाडी धावली तर गिरणीचं काम यांचं. गाडी उभी राहिली तर काम दुसऱ्याला जाणार, आणि महिना संपता संपता यांना मान खाली घालून सतरा नंबरच्या खुंटीशी जावं लागणार. मिस्त्री म्हणत होता, “नुसता तडा जोडून भागणार नाही. जो तडा दिसला तो दिसला. न दिसलेले कुठं आहेत? सगळी उघडायला हवी. दोन आठवडे धर.”

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. सावकाशराव रोज आवारात जायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे आणि घरी यायचे. काम काही नाही, तरी इतके दमायचे की बूट न काढता खुर्चीत बसून राहायचे. पूर्वी गाडी बिघडली की चावी खुंटीला लावून घरी येता येत होतं. काळजी मालकाची. आता मालक घरातच राहायला आला होता. जेवताना समोर बसायचा, अंथरुणात कूस बदलू द्यायचा नाही. ड्रायव्हरला झोप यायची, पण मालक झोपू देत नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं झाली. नव्या नियमाप्रमाणे बाहेरच्या गाडीनेही दर फेरीला तोच कागद द्यायचा होता. सावकाशरावांनी सोमवारचा कागद टेबलावर ठेवला, पेन ठेवलं आणि बघत बसले. भांडी आवरून बायको आली. सवयीने पेन उचललं, “आणा, मी करते,” म्हणाली, आणि भराभरा सुरू झाली. ब्रेक ठीक. टायर ठीक. दिवे ठीक. पाट्यांच्या रकान्यापर्यंत आली तेव्हा सावकाशरावांनी तिचा हात धरला.

“पुढचा नको लिहूस.”

“का? चेसिस काय असतं?”

सावकाशरावांना सांगता येईना. नऊ वर्षं तिने तो शब्द लिहिला होता. हे त्याच्यावर बसून डोंगर उतरले होते. ते म्हणाले, “चल, दाखवतो.”

मिस्त्रीच्या आवाराला रविवारी कुलूप नसायचं, कारण मिस्त्री तिथंच मागच्या खोलीत राहायचा. त्याने पुठ्ठा अंथरून दिला. बायको साडीचा पदर खोचून पुठ्ठ्यावर आडवी झाली आणि सावकाशरावांच्या मागोमाग गाडीखाली सरकली. वर काळं तेलकट छत, नाकाला लागेल इतकं जवळ. सावकाशरावांनी बॅटरीचा उजेड टाकला. बराच वेळ तिला काही दिसेना. मग तिने बोट फिरवलं आणि एका जागी नख अडकलं.

“हे?”

“हे.”

“आणि हे तुटलं तर?”

“सपाट रस्त्यावर असलो तर गाडी बसते.”

“उतारावर?”

सावकाशरावांनी बॅटरी विझवली. बाहेर मिस्त्री उगाचच नळ सोडून हात धूत होता.

मग ती अंधारातच म्हणाली, “रोज सकाळी तुम्ही निघालात की मी दाराला कडी लावून निवांत चहा पीत होते. कागद भरलाय म्हटल्यावर मला वाटायचं, कोणीतरी बघितलंय.”

“मलाही तसंच वाटायचं,” सावकाशराव म्हणाले.

“तुम्हाला कसं वाटेल? बघणारे तुम्हीच होता.”

ते म्हणाले, “पाठ लागतेय खाली. चल बाहेर.”

तिथूनच त्यांनी कारकुनांना फोन लावला. उद्या येत नाही, गाडीला तडा आहे, दोन आठवडे लागतील. पलीकडे कारकून अजून जेवत असावेत. घास गिळून म्हणाले, “अहो सावकाशराव, तडे कोणाच्या गाडीला नाहीत? कागदावर ठीक लिहा आणि या. मी काय खाली वाकून बघणार आहे?”

“मीही नव्हतो बघत.”

“तेवीस वर्षं काही झालं का?”

“नाही झालं.”

“मग?”

“मग काही नाही. माल दुसऱ्याला द्या.”

सावकाशरावांनी फोन ठेवला. तिथल्याच जुन्या टायरवर बसले. कोणाला वाटेल खरं बोलल्यावर माणसाला हलकं वाटतं. यांना तसलं काही वाटलं नाही. यांना भूक लागली, आणि मग तीही मेली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळे सारखेच गेले. सकाळी डबा घेऊन आवारात. मिस्त्रीची मजुरी कमी व्हावी म्हणून हाताखालची कामं हेच करायचे. नट भिजत घाल, गंज खरवड, पाटे उतरव, जॅकचा दांडा मार. मिस्त्री हातोडी ठोकायचा आणि यांना ऐकायला लावायचा. “सांग, कसा आवाज आहे?”

“चांगला.”

“चांगला म्हणजे काय? तू कागद भरत नाहीयेस. कसा आहे ते सांग.”

हळूहळू कान तयार झाला. निरोगी लोखंड गातं, आजारी लोखंड खोकतं. तसं खोकणारं आणखी दोन ठिकाणी सापडलं. एका आडव्या पट्टीला, आणि डावीकडच्या पाट्याच्या बोल्टपाशी. दोन्ही ठिकाणं सावकाशरावांनी स्वतः शोधली. तिसरं सापडलं असं वाटून त्यांनी मिस्त्रीला हाक मारली, तर ती त्याची विसरलेली पकड निघाली. खांदे भरून आले, मानेत उसण भरली, डोळ्यांत गंज जाऊन ते सुजले. घरी आल्यावर बायकोच्या पोटऱ्या आणि यांचे खांदे, दोघं एकाच बाटलीतलं तेल चोळत बसायची. एकदा ती म्हणाली, “परत गेलात तरी मी काही म्हणणार नाही हं.” त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण ते वाक्य रात्रभर उशीखाली होतं.

कारण जावंसं वाटत होतं. खोटं कशाला सांगा? सतरा नंबरची खुंटी. दुसऱ्याची गाडी. पाच वाजता किल्ली टांगायची आणि हात हलवत घरी. तडा असेल तर मालकाचा. त्या विचारानेच त्यांना गाडीखाली पडल्या पडल्या डुलकी लागायची, आणि मिस्त्री पायाला पायाने ढोसून म्हणायचा, “मालक, उठा. मजूर झोपलाय.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तडा जोडून, वर जाड पट्टी बसवून, सगळं रंगवून झालं होतं. मिस्त्री जेवायला गेला होता. सावकाशराव सकाळपासून पुठ्ठ्यावर आडवे होते. पुढच्या चाकांपासून सुरुवात करून, हातात लहान हातोडी घेऊन, एकेक जागा ठोकून ऐकत मागे मागे सरकत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते गाडी तपासत होते, आणि ते काम फार कंटाळवाणं होतं. बत्तीस रकाने लिहायला पाच मिनिटं लागायची. इथं चार तासांत अर्धी गाडी झाली होती.

तेवढ्यात आवाराच्या फाटकाशी स्कूटर थांबली. कारकून आले. चांगले स्थूल, वाकायची सोय नाही. गाडीखालून बाहेर आलेले दोन बूट त्यांना दिसले आणि ते बुटांशीच बोलायला लागले.

“सावकाशराव ना? बूट ओळखले. अहो, दुसऱ्या गाडीवाल्याने गिरणीच्या चार फेऱ्या मारल्या आणि पळाला. म्हणतो तो उतार नको. उद्या सकाळी सातला माल भरायचाय.”

खालून हातोडीचा आवाज आला. टण्.

“यादी मला चारच्या आत द्यायची आहे. आणि त्या सतरा नंबरचंही आजच सांगावं लागेल. साहेब तिसऱ्यांदा विचारतायत. एक पोरगा येऊन बसलाय दारात.” कारकुनांनी खिशातून कोरा कागद काढला, घडी मोडून गाडीच्या बॉनेटवर सरळ केला, पेनाचं टोपण दातांनी काढलं. “मी इतक्या लांब आलोय तर दोन्ही कामं करूनच जातो. तुम्ही उठूसुद्धा नका. इथं मीच लिहितो, सगळीकडे ठीक, तुम्ही खालून फक्त हो म्हणा.”

टण्. मग थोडं पुढे सरकल्याचा, पुठ्ठा घासल्याचा आवाज. टण्.

कारकुनांना घाम फुटला होता. उन्हात उभं राहायची त्यांना सवय नव्हती. बाजूच्या टायरवर बसावं की नाही याचा त्यांनी विचार केला आणि पॅन्टकडे बघून सोडून दिला. दारावर ऊन तिरपं झालं होतं आणि पुसलेल्या रंगाखालून कंपनीचं नाव हळूहळू वर येत होतं. ते वाचून कारकून थोडे हसले. मग बुटांकडे बघून म्हणाले, “बरं, सरळ विचारतो. जागा भरू का ठेवू? आणि कागदाचं काय? नेहमीसारखं लिहू ना?”

बूट हललेसुद्धा नाहीत. कारकुनांना वाटलं, माणूस झोपला. झोपलाही असता. पाठ पुठ्ठ्याला चिकटली होती, हातोडी छातीवर पडली होती, आणि तोंडातून एक शब्द निघाला की उद्यापासून पाच वाजता किल्ली टांगायला मोकळीक होती. मग हातोडी परत उचलल्याचा आवाज झाला, आणि गाडीखालून सावकाशराव दमल्या आवाजात, नेहमीच्याच चालीने म्हणाले,

“जागा भरा. कागदाला मात्र थांबा, मी अजून मागच्या चाकांपर्यंत पोचलो नाही.”